पाठ, पोट आणि धार

वस्तऱ्याचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. पाते जितके पातळ तितकी धार तीक्ष्ण, हे कुणालाही पटते. मग जगभरच्या कारागिरांनी सगळे वस्तरे पातळच का घडवले नाहीत? त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न असतो. दोन वस्तरे घेतले, दोन्हींना धार उत्तम, हात तोच, साबण तोच. तरी एकाने दाढी केली की गाल मऊ लागतो आणि दुसऱ्याने केली की तासभर आग होत राहते. असे का?

पहिल्या प्रश्नातच एक गैरसमज दडलेला आहे. वस्तऱ्याच्या धारेचा तीक्ष्णपणा पाते किती पातळ आहे यावर ठरत नाही. पातळपणाने दुसरेच काही ठरते, आणि गालाला मिळणारे सुख बरेचसे त्या दुसऱ्या गोष्टीत आहे. ती गोष्ट समजून घ्यायची तर आधी पात्याची घडण पाहिली पाहिजे.

या प्रकरणात वस्तरा म्हणजे जुना, दुमडणारा, अखंड पोलादी पात्याचा वस्तरा. ब्लेड बदलायचा वस्तरा वेगळा. त्याच्याकडे पुढे येऊ.

१. पात्याची ओळख

वस्तरा उघडा आणि टोकाकडून पाहा, म्हणजे पात्याची लांबी डोळ्यापासून दूर जाताना दिसली पाहिजे. आता पात्याचा आडवा छेदच समोर येतो. वरची जाड कडा ही पाठ. खालची कडा ही धार. मधला सगळा भाग म्हणजे पोट. पात्याचे पुढचे टोक, मुठीकडची टाच, आणि टाचेमागे बाहेर निघालेली वाकडी शेपटी, जिच्यावर करंगळी टेकते. मूठ म्हणजे दोन पट्ट्या, पूर्वी शिंगाच्या, हस्तिदंताच्या, नंतर सेल्युलॉइडच्या.

पात्याची रुंदी, म्हणजे पाठीपासून धारेपर्यंतचे अंतर, अजूनही इंचाच्या आठव्या भागांत सांगतात. ५/८ म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर, ६/८ म्हणजे सुमारे १९. दाढीसाठी सर्वांत रुळलेली मापे हीच दोन.

खरा फरक पोटात असतो. पाठीपासून धारेपर्यंत दोन्ही बाजू सरळ उतरत आल्या तर छेद पाचरीसारखा दिसतो. हे पाचरी पाते, इंग्रजीतले 'वेज'. दोन्ही बाजूंनी पोट घासून आत घेतले तर ते खोलगट होते. तो 'हॉलो ग्राइंड'. आपण त्याला पोकळ घडण म्हणू. ही पोकळी आतून नसते, बाहेरून दोन्ही अंगांनी घासलेली असते. किती घासले यावरून पाव पोकळ, अर्धे पोकळ, पूर्ण पोकळ अशी नावे पडली. पूर्ण पोकळ पात्यात धारेकडचा निम्मा भाग जवळजवळ पत्राच उरतो. काही चांगल्या पूर्ण पोकळ पात्यांत जाड भाग आणि पातळ भाग यांच्या मध्ये लांबीभर एक बारीक उंचवटा सोडतात. उजेडात पाते तिरके केले की तो दिसतो. पातळ पत्रा पिळला जाऊ नये म्हणून तो असतो, आणि तो नीट राखणे हे घासणाऱ्याच्या कसबाचे लक्षण मानतात.

जपानी कामिसोरी या कुटुंबात मोडत नाही. तिचे पाते दुमडत नाही आणि पारंपरिक कामिसोरीच्या दोन बाजू मुद्दाम असमान घासलेल्या असतात. तिचे शास्त्र स्वतंत्र आहे, म्हणून तिला इथे बाजूला ठेवतो.

२. कोन पाठीने बांधलेला असतो

आता तीक्ष्णपणाकडे. चाकूला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो; हात हलला की कोन हलला. वस्तऱ्यात तो त्रास नाही. वस्तरा धारेच्या दगडावर पूर्ण आडवा ठेवतात. पाठ दगडाला टेकते, धारही टेकते, आणि खोलगट पोट दगडापासून वर राहते. पाठ जितकी जाड, तितके ती पात्याला उचलून धरते, आणि तेवढाच कोन धारेला मिळतो.

हा कोन घरी काढता येतो. पाठीची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिला ५७ ने गुणा आणि पात्याच्या रुंदीने भागा. उत्तर अंशांत येते, अगदी काटेकोर नसले तरी कामाला पुरेसे.

रुंदी १६, पाठ ४.५ मिलिमीटर: कोन सुमारे १६ अंश.

रुंदी तीच १६, पाठ ६: कोन २१ अंशांच्या वर.

रुंदी १९, पाठ ४.५: कोन साडेतेरा अंश.

पहिले पाते दाढीला योग्य. बहुतेक चांगले वस्तरे १६-१७ अंशांच्या आसपासच असतात. दुसऱ्याचा कोन मोठा, म्हणून ते केसात सहज शिरत नाही, ओढते. तिसऱ्याची धार सुरुवातीला फार छान वाटेल. पण इतकी बारीक कड पोलादाला पेलत नाही आणि ती लवकर झडते. म्हणून रुंद पात्याला जाड पाठ द्यावीच लागते: १९ मिलिमीटर रुंदीला सुमारे ५.३ मिलिमीटर.

या सगळ्या हिशेबात पोटाची जाडी कुठेच आली नाही. पाचरी असो वा पूर्ण पोकळ, पाठ आणि रुंदी सारखी असली तर धारेचा कोन सारखाच. एकाच दगडावर, एकाच हाताने लावलेल्या दोन धारा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या तर कुठली पाचरी पात्याची आणि कुठली पोकळ पात्याची हे ओळखता येणार नाही. वस्तरे विकणारेसुद्धा 'पूर्ण पोकळ म्हणजे जास्त धारदार' असे सर्रास सांगतात. ते चूक आहे.

अगदी सपाट बाजूंच्या पाचरी पात्यात एक अडचण मात्र येते. ते दगडावर आडवे ठेवले की पाठ, पोट, धार सगळेच टेकते आणि धारेला स्वतंत्र पट्टी मिळत नाही. तेव्हा पाठीवर चिकटपट्टीचा एक पदर लावतात. दोन्ही बाजूंचा मिळून ०.३ मिलिमीटर जाडी वाढली, तर आपल्याच हिशेबाने कोन साधारण एक अंशाने वाढतो आणि दगड फक्त धारेशी काम करू लागतो. जुन्या ज्या पात्यांना आज पाचरी म्हणतात त्यांतली बरीचशी मुळात किंचित खोलगट आहेत, ती याच कारणाने.

३. पोकळी येते कुठून? चाकातून

पाते फिरत्या चाकावर घासले की चाकाची गोलाई पोटात उतरते. चाक मोठे असेल तर खोली नगण्य, चाक लहान असेल तर खोली भरपूर. हेही आकड्यांत पाहू. पोटाचा १२ मिलिमीटर उंचीचा भाग चाकाने घासायचा आहे. एक मीटर व्यासाच्या चाकाने प्रत्येक बाजूला ०.०४ मिलिमीटरपेक्षाही कमी खोली येते. म्हणजे बाजू सपाटच राहिली. सहा सेंटिमीटर व्यासाच्या चाकाने तीच खोली ०.६ मिलिमीटर होते. दोन्ही बाजू धरल्या तर पोटाच्या मध्याशी सुमारे २ मिलिमीटर जाडीतले १.२ मिलिमीटर पोलाद निघून गेले.

इथे कारागिराच्या हाताचा कस लागतो. घासताना पोलाद तापते. धारेजवळचा पातळ भाग जरा जास्त तापला की निळसर पडतो, त्याचे पाणी उतरते आणि तो मऊ होतो. मग ते पाते धार धरत नाही. म्हणून पाण्याचा मारा हवा, दाब बेताचा हवा, आणि दोन्ही बाजू अगदी सारख्या उतरायला हव्यात. एक बाजू जरा जास्त गेली तर पत्रा तिकडे कलतो.

अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात इंग्लंडमधल्या शेफिल्डचे वस्तरे जगभर जात. ते बहुतेक पाचरी किंवा किंचित खोलगट, जड पात्याचे. शेफिल्डचे बळ पोलादात होते: १७४० च्या दशकात घड्याळे बनवणाऱ्या बेंजामिन हंट्समन यांनी मुशीत पोलाद वितळवून एकजिनसी करण्याची रीत तिथे बसवली होती. या कहाणीला मुंबईचा एक धागा आहे. मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी इथले 'वूट्झ' पोलाद लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले, आणि १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर सोसायटीपुढे निबंध मांडला. शस्त्रक्रियेची हत्यारे आणि वस्तरे बनवणारे लंडनचे जेम्स स्टोडार्ट या भारतीय पोलादावर इतके खूश झाले की आपल्या मालाच्या जाहिरातीत त्यांनी ते युरोपातल्या उत्तमोत्तम पोलादापेक्षा सरस ठरवले. पुढे त्यांनीच तरुण मायकेल फॅरेडे यांच्याबरोबर पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग केले. पोलादाची इतकी चिंता वाहणारी ही मंडळी पोकळीच्या बाबतीत मात्र जुन्याच चालीची होती.

फ्रान्समधल्या तिएर गावात द्युरोल नदीच्या पाण्यावर चाके फिरत. तिथला घासणारा चाकासमोर बसत नसे. तो चाकाच्या वर आडव्या फळीवर पालथा झोपे आणि खाली हात सोडून पाते चाकाला लावी. थंडी आणि ओल इतकी की पायांवर कुत्रा झोपवून ऊब घेतली जाई. चाकाचे पिवळे पाणी अंगावर उडून या कामगारांना 'पिवळ्या पोटाचे' असे नाव पडले होते. शेफिल्डच्या घासणाऱ्यांची अवस्था याहून वाईट होती. दगडाच्या धुळीने त्यांची फुप्फुसे निकामी होत आणि कित्येक जण भर तारुण्यात जात. आज आपण एखादे जुने पाते हातात घेऊन त्याच्या सफाईचे कौतुक करतो, तेव्हा ही किंमत लक्षात ठेवली पाहिजे.

पूर्ण पोकळ पात्याला घराघरांत नेले ते जर्मनीतल्या झोलिंगनने. वुप्पर नदीकाठच्या पाणचक्क्यांवरच्या घासणघरांसाठी हे गाव शतकानुशतके प्रसिद्ध होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे दोन लहान चाकांमध्ये पाते धरून दोन्ही बाजू एकदम घासण्याची यंत्रे आली. पोकळी खोल आणि दोन्हीकडे सारखी येऊ लागली. पाहता पाहता बाजार पातळ पात्यांकडे वळला. १९३८ साली तर जर्मनीत 'झोलिंगन' या नावालाच कायद्याचे संरक्षण मिळाले. पण तोवर वस्तऱ्याचे दिवस फिरले होते. अमेरिकेत किंग जिलेट यांना १९०४ साली सेफ्टी रेझरचे पेटंट मिळाले होते आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या सामानातून तो रेझर जगभर पोचला होता.

४. जाडी अर्धी, ताठपणा आठवा हिस्सा

पातळपणाने ठरते ते नेमके काय, हे आता पाहू. ठरतो तो ताठपणा.

पत्र्याचा ताठपणा जाडीच्या प्रमाणात कमी होत नाही, तिच्या घनाच्या प्रमाणात कमी होतो. जाडी निम्मी केली तर ताठपणा निम्मा नव्हे, आठवा हिस्सा उरतो. आपल्या १६ मिलिमीटरच्या पाचरी पात्यात धारेपासून ३ मिलिमीटर वर जाडी सुमारे ०.८४ मिलिमीटर येते. सहा सेंटिमीटरच्या चाकावर घासलेल्या पात्यात त्याच जागी ०.२ च्या आसपास. जाडीत चौपट फरक, म्हणजे त्या जागी ताठपणात सुमारे चौसष्ट पट. दोन्हींचा धारेचा कोन एकच; पण एक धार खडकात बसवलेली आणि दुसरी लवत्या पत्र्याच्या टोकाला.

झोलिंगनचे घासणारे हे नखावर तपासत. अंगठ्याच्या नखावर धार अगदी हलके टेकवून पाते किंचित सरकवले की पूर्ण पोकळ पात्याच्या धारेमागे पत्रा उचलला गेल्याचा बारीक फुगवटा डोळ्यांना दिसतो, आणि नख सरकेल तसा तो सरकतो. पाचरी पात्यात असे काहीही दिसत नाही. तयार वस्तऱ्यावर हा प्रयोग करू नये, धार बिघडते. ती कारखान्यातली, दगडावर जाण्याआधीची परीक्षा आहे.

हा लवचीकपणा गालाला काय देतो? घावन काढायच्या उलथन्याचा विचार करा. जाड उलथने घावनाच्या कडेला अडते आणि घावनालाच ढकलते. पातळ पत्र्याचे उलथने तव्याला लवून अलगद खाली सरकते. पण तव्याला धरलेले थालीपीठ त्याच पातळ उलथन्याने खरवडायला गेलात, तर ते वाकते, साठवलेला जोर एकदम सोडते आणि उसळते. पूर्ण पोकळ वस्तऱ्याचे हेच दोन स्वभाव आहेत.

रोज दाढी करणाऱ्याच्या गालावर एक दिवसाचे खुंट असतात. तिथे पातळ पाते सुखाचे. हात चुकून जरा जड पडला तर धार किंचित मागे लवते आणि तो जादा दाब सगळाच्या सगळा कातडीवर जात नाही. हनुवटीच्या वळणावर, जबड्याच्या हाडावर हे जाणवते. पण चार दिवसांची राठ दाढी असेल आणि पुष्कळ केस एकदम धारेसमोर आले, तर पातळ धार वाकते, सुटते, पुन्हा वाकते. ही थरथर हाताला कळते. काही केस पूर्ण कापले जातात, काही अर्धे कापले जाऊन ओढले जातात. मग माणूस त्याच जागेवरून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाते फिरवतो. आग होते ती इथे. कातडीचा वरचा थर दर फेरीला थोडा खरवडला जातो आणि तिसऱ्या फेरीला उरलेला थर जळजळ करतो.

पाचरी पाते याच राठ दाढीतून न डगमगता जाते. धार वाकत नाही आणि पात्याचे वजनही हाताच्या मदतीला येते. जुनी जड पाती ज्यांनी वापरली आहेत ते सांगतात की पाते ढकलावे लागत नाही, फक्त वाट दाखवावी लागते. ते खरे आहे. पण त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी. जड पात्यावर जादा दाब दिला तर तो कुठेच जिरत नाही, थेट कातडीवर उतरतो. हात हलका असेल तर पाचरी पात्याइतके मऊ पाते नाही; हात जड असेल तर त्याच्याइतके कठोरही नाही.

अर्धे पोकळ पाते दोन्हींच्या मध्ये येते, आणि माझ्या मते त्याची जितकी वाखाणणी व्हायला हवी तितकी होत नाही. राठ दाढीला ते पुरेसे ताठ असते आणि वळणावर पुरेसे हलके.

५. गाणारे पाते

पूर्ण पोकळ वस्तऱ्याला इंग्रजीत गाणारा वस्तरा म्हणतात. पातळ पत्रा सहज कंप पावतो. केस तुटताना धारेला बसणारे बारीक हादरे त्या पत्र्यातून ऐकू येण्याइतके मोठे होतात. गालावरून पाते फिरताना स्पष्ट खरखर येते. जिथे केस दाट तिथे मोठी, जिथे केस संपले तिथे थांबते. जाड पाते हे हादरे गिळून टाकते, म्हणून पाचरी वस्तरा जवळजवळ मुका असतो.

हा आवाज नवशिक्याचा गुरू आहे. कोन योग्य असला की खरखर एकसारखी येते. पाते फार उभे झाले की ती कर्कश होते आणि कातडी खरवडल्याचे कानाला आधी कळते, गालाला नंतर. पाते फार आडवे झाले की आवाज विरतो आणि केस ओढल्याची चुणचुण सुरू होते. आवाज थांबल्यावरही त्याच जागी पाते फिरवत राहणे म्हणजे साफ झालेल्या कातडीला उगाच त्रास देणे. मुक्या पात्याने हे शिकायला फार वेळ लागतो.

योग्य कोन म्हणजे साधारण ३० अंश. त्यासाठी कोनमापक नको. पाठ गालापासून पात्याच्या निम्म्या रुंदीइतकी वर धरली की ३० अंश होतात. १६ मिलिमीटरच्या पात्याला सुमारे ८ मिलिमीटर. दोन-चार दिवसांत ते अंतर नजरेत बसते.

६. दगडावर कोण किती रडवतो

वस्तऱ्याचे सुख शेवटी धार लावण्यावर असते, आणि तिथे पोकळ पाते निर्विवाद सोपे. धारेच्या दोन्ही बाजूंना दगडाने घासलेली चकचकीत बारीक पट्टी दिसते. धारेमागचे पोलाद ०.१५ मिलिमीटर जाड असेल, तर १६ अंशांच्या कोनात ही पट्टी जेमतेम अर्धा मिलिमीटर रुंद होते. तेच पोलाद ०.६ मिलिमीटर जाड असेल तर पट्टी दोन मिलिमीटरच्या वर जाते. म्हणजे दगडाला चौपट रुंदीचे पोलाद झिजवावे लागते. घरच्या घरी धार लावणारा माणूस पाचरी पात्यापुढे थकतो, काम अर्धवट सोडतो, आणि अर्धवट धारेने गाल सोलून घेतो. मग दोष पाचरी घडणीला मिळतो. पाचरी वस्तऱ्याच्या बदनामीचे मोठे कारण हेच आहे, असे मला ठामपणे वाटते.

पोकळ पात्याचाही एक धोका आहे. दगडावर बोटांचा दाब जास्त पडला तर पातळ पत्रा वाकतो, धार दगडावरून किंचित उचलली जाते, आणि आपण घासतो ते धारेच्या मागचा भाग. तासभर घासूनही धार येत नाही तेव्हा बहुधा हेच झालेले असते. दाब कमी केला की दहा मिनिटांत धार येते.

दगडानंतर चामड्याचा पट्टा. पाते पट्ट्यावर फिरवताना पाठ पुढे आणि धार मागे. वळवताना पाठीवर वळवायचे, धारेवर कधीच नाही. हे प्रत्येक दाढीआधी.

७. केस मऊ, तरी पोलाद झडते

केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ. तरी वस्तरा बोथट होतोच. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात याचे कारण दाखवून दिले. ब्लेडची धार सगळीकडे सारखी गोल होत झिजते, असा समज होता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून पाहिल्यावर वेगळेच दिसले: धारेचे बारीक टवके उडत होते. केस सरळ उभा असेल तर टवका उडत नाही. केस वाकला, धारेला तिरका भिडला, आणि नेमकी त्या जागी पोलादाची रचना असमान असली, की टवका उडतो.

टवके उडालेली धार कापते, पण ओढत कापते. म्हणून दाढीआधी दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने केस भिजवणे ही चैन नाही. भिजलेला केस पाणी पिऊन मऊ होतो आणि कमी जोरात तुटतो. मोकळ्या हाताने कातडी ताणून धरायची, तीही केसाला वाकायला जागा कमी मिळावी म्हणून. पाते कुठल्याही घडणीचे असो, हे दोन नियम बदलत नाहीत.

८. सलूनमधला वस्तरा वेगळा का लागतो?

महाराष्ट्रात आज बहुतेक सलूनमध्ये दिसतो तो ब्लेड बदलायचा वस्तरा. कारागीर नवे ब्लेड कागदासकट मधोमध मोडतो, अर्धे ब्लेड वस्तऱ्याच्या खाचेत सरकवतो आणि गिऱ्हाईकासमोर दाढी सुरू करतो. रक्तातून पसरणारे हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही लक्षात घेता हेच योग्य आहे. सलूनमध्ये प्रत्येकाला नवे ब्लेड, यात तडजोड नको.

पण या ब्लेडची जाडी अवघी ०.१ मिलिमीटर, पूर्ण पोकळ पात्यापेक्षाही पातळ. मग ते तितके मऊ का लागत नाही? कारण ते खाचेत घट्ट धरलेले असते आणि बाहेर डोकावते जेमतेम एक-दोन मिलिमीटर. बाहेर आलेला भाग निम्मा केला की त्याचा ताठपणा आठपट होतो. जाडीचा तोच नियम इथे उलट बाजूने लागू होतो. पातळ असूनही हे पाते लवत नाही, त्यात वजन नाही, आणि धार तर कारखान्यातली अतितीक्ष्ण. त्यामुळे चुकीला जागा फार कमी. सलूनमधला कारागीर त्याच ब्लेडने गाल गुळगुळीत करून देतो, त्याचे श्रेय संपूर्णपणे त्याच्या हाताला आहे.

९. मग घ्यावा कोणता?

पहिलाच वस्तरा घेत असाल तर ५/८ रुंदीचा, अर्धा किंवा पूर्ण पोकळ, आणि गोल टोकाचा घ्या. टोकदार कोपरा मिशीखाली नेमके काम करतो, पण पहिल्या महिन्यात तोच कानाच्या पाळीला लागतो. रोज दाढी करत असाल आणि केस बारीक असतील तर पूर्ण पोकळ. केस राठ असतील, किंवा आठवड्यातून दोनदाच दाढी करत असाल, तर अर्धे पोकळ. हात बसल्यावर पाव पोकळ किंवा पाचरी पाते जरूर वापरून पाहा, पण ते धार लावून देणाऱ्या जाणत्याकडूनच घ्या.

जुने पाते विकत घेताना चकाकीला भुलू नका. टोकाकडून छेद पाहा. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मोजा, ५७ चा हिशेब करा. उत्तर १५ च्या बरेच खाली किंवा २० च्या वर आले तर पाते परत करा. धारेच्या जवळ गंजाचे काळे ठिपके असतील तरीही परत करा, कारण पातळ पात्यात तो गंज धारेपर्यंत पोचलेला असतो. आणि वस्तऱ्याबरोबर त्याच दिवशी चामड्याचा पट्टा घ्या. पट्ट्याशिवाय झोलिंगनचे सर्वोत्तम पातेही थोड्याच दाढ्यांत ओढू लागते.